होडीला हात

करवंद चावण्याआधी सांगायचं, कोंबडा की कोंबडी. मग अर्धं चावून आतला रंग सगळ्यांना दाखवायचा. लालभडक निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. मी नेहमी कोंबडाच म्हणायचे आणि फिकं निघालं तर दाखवायच्या आत गिळून टाकायचे. माझी मैत्रीण कमळ त्यावरून हातघाईवर यायची. "सुमे, तू हारत न्हाईस गं, तू नुसती गिळतीस," असं ती म्हणायची. खरंच होतं ते. हरणं मला मुळात जमायचंच नाही आणि आज नातवंडांबरोबर पत्ते खेळतानाही जमत नाही. सून म्हणते, आई, लहान आहेत ती, एखादा डाव सोडा की. मी म्हणते, त्यांनी सोडावा.

आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या अलीकडे होतं. मागे डोंगर, पुढे पाणी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात भाताची खाचरं आणि थोडी घरं. बाजार, दवाखाना, हायस्कूल, लोणावळ्याची एसटी असं सगळं महत्त्वाचं पाण्यापलीकडे. डोंगराला वळसा घालून जाणारी एक वाट होती, पण ती जनावरांची. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आलं की तीही बंद व्हायची. वडील लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईवर कामाला होते आणि आठवडाभर तिकडेच राहायचे. शनिवारी संध्याकाळी ते होडीतून उतरले की आम्ही धावत काठावर जायचो, कारण त्यांच्या पिशवीत चिक्कीच्या चुऱ्याची पुडी असायची. अखंड वड्या गिऱ्हाइकांना आणि कापताना उरलेला चुरा कामगारांना, अशी तिथली पद्धत होती. लोणावळ्याहून लोक खोक्यांनी चिक्की नेतात, मीही पुढे पुष्कळ खाल्ली, पण चुऱ्याची चव वडीला नाही. वडिलांच्या कपड्यांना गुळाचा इतका वास यायचा की आमची म्हैस त्यांचा सदरा चाटायला बघायची.

संध्याकाळी चुलीपुढे बसून आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची. तो थप थप आवाज अंगणापर्यंत यायचा. त्याच वेळी आम्ही पोरं काठावर चपटे दगड गोळा करून पाण्यावर भाकऱ्या काढत असायचो. दगड पाण्याला टेकत टेकत, उड्या मारत दूर गेला पाहिजे. माझा मोठा भाऊ बाळू याचा दगड फार लांब जायचा आणि ते मला अजिबात खपायचं नाही. मग सगळे घरी गेले तरी मी एकटीच दगड मारत बसायचे, आईच्या चार हाका होईपर्यंत. तिची शेवटची हाक नुसती "सुमे" एवढीच असायची आणि तिच्यात काय आहे ते मला नीट कळायचं. घरी गेल्यावर ताटात गरम भाकरी, आणि दिवस चांगला असेल तर खाचराच्या बांधातून पकडलेल्या खेकड्यांचं कालवण. खेकडे आम्हीच धरायचो. बिळात हात घालायचा आणि त्याने बोट धरलं तरी हात काढायचा नाही, हळूच त्यालाच बाहेर ओढायचं. बाळू ओरडून हात काढायचा. मी काढायचे नाही.

उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळून इतकं गुळगुळीत व्हायचं की पळसाची डहाळी बुडाखाली घेतली की आम्ही थेट खाचरापर्यंत घसरत यायचो. परकराला मागून भोकं पडायची आणि आई ती ठिगळं लावताना आमच्या नावाने बोटं मोडायची. म्हशी पाण्यात उतरल्या की त्यांचं शेपूट धरून आम्ही तरंगायचो. मुलींना तेवढंच पाणी ठाऊक होतं, म्हशीच्या शेपटाइतकं. मुलगे मात्र पोहायला शिकत. ते शिकणं आमच्याकडे फार जुन्या पद्धतीने चालायचं. पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचा ओंडका पोराच्या पाठीला सुंभाने बांधायचा आणि त्याला विहिरीत ढकलायचं. पांगारा वाळला की अगदी हलका होतो, तो पोराला बुडू देत नाही. मग जसजसा पोराला दम येईल तसतसा शिकवणारा तो ओंडका कोयत्याने तासत जातो. तासून तासून तो मुठीएवढा राहतो आणि एक दिवस पोराला न सांगताच काढून टाकतात. तळेगावातल्या आमच्या सोसायटीत आता निळ्या फरशांचा तलाव आहे आणि माझी नात रंगीत फोमची पाटी धरून तिथे पाय मारते. तिच्या सरांना मी पांगाऱ्याची गोष्ट सांगितली तर ते फार छान हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

गावातल्या मुलांना पोहणं शिकवायचं काम माझे चुलते नाना यांच्याकडे होतं आणि शिकण्यामागे कारण होतं तुकाआबांच्या होडीचं. एके वर्षी वाऱ्याने होडी उलटली होती. शाळेची पोरं कशीबशी काठाला लागली, पण एक पोरगा आबांच्या हाताला लागता लागता सुटत होता, तो जेमतेम वाचला. तेव्हापासून होडीवाल्या आबांनी नियम केला की पोहता येत नाही ते पोर शाळेच्या होडीत बसणार नाही. दर उन्हाळ्याच्या अखेरीस, शाळा उघडायच्या आधी, आबा होडी काठापासून आत नेऊन उभी करायचे. सातवी झालेल्या मुलांनी काठावरून उडी मारायची, पोहत जायचं आणि होडीला हात लावायचा. आबा "हात लागला!" असं ओरडले की काठावरची माणसं टाळ्या पिटायची. कुणाला दम लागला तर आबा वल्हं पुढे करायचे. वल्हं धरलं की जीव वाचला, पण ते वर्ष घरी. नियम चांगलाच होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त मुलींना कुणी पोहायला शिकवत नसे, त्यामुळे सातवीनंतर एकही मुलगी पलीकडच्या हायस्कुलात गेली नव्हती. मोठ्या बायका बाजाराला त्याच होडीतून जायच्या, त्यांना नियम नव्हता. माझी आईही जायची. पाण्याला ती विलक्षण भ्यायची. लावणीच्या वेळी खाचरात गुडघाभर चिखलात दिवस काढणारी ही बाई धरणाच्या पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नाही. होडीत बसली की दोन्ही हातांनी फळीचा काठ आवळून धरायची, बोटं पांढरी होईपर्यंत. तिची टोपली दुसऱ्या कुणाला तरी मांडीवर घ्यावी लागे.

कमळ माझ्याहून एक वर्ष पुढे होती. शाळेत तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही. तिची सातवी झाली, मुलांनी होडीला हात लावले आणि ती घरी राहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हशी वळायला लागली. दिवाळीनंतर तिला बघायला पाहुणे यायला लागले. मुलीचं घरी बसलेलं वर्ष एकच कधी राहत नसे. एकदा डोंगरावर ती मला म्हणाली, "तुझं बी आसंच व्हनार." तिने चिडवलं असतं तर मी भांडले असते. तिने ते अगदी साधं सांगितलं आणि म्हशी वळवायला उठली.

माझी सातवी संपली त्या शनिवारी वडील चुरा घेऊन आले होते. सगळे चुलीपुढे बसलेले बघून मी म्हटलं, "मी फुडं शिकणार."

वडिलांनी पुडी सोडता सोडता आईकडे पाहिलं. "तुझ्या आयला इचार."

आईने भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जा की. आबाच्या होडीला हात लाव आन जा. मी न्हाई आडवायची."

बाळू खो खो हसला, वडीलही हसले. विषय मिटवायला म्हणून आई तसं बोलली होती. पण आमच्या घरात आईने एकदा शब्द टाकला की तो परत घेतला जात नसे आणि हे मला चांगलं माहीत होतं. मी चुऱ्याचा वाटा घेतला. मनात म्हटलं, सगळ्यांनी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. नाना चार-पाच पोरांना पाण्यात सोडून कठड्यावर विडी ओढत बसले होते. "मला बी शिकवा," मी म्हटलं. ते म्हणाले, "पोरींचं हितं काय काम? घरी जा." मी घरी गेले नाही. रोज जाऊन पायऱ्यांवर बसायला लागले. पोरं हात कसे मारतात, पाय कसे मारतात, श्वास केव्हा घेतात, हे सगळं डोळ्यांनी शिकत होते. घरी येऊन भाताच्या पोत्यावर पालथी पडायचे आणि हातपाय मारायचे. आईने एकदा पाहिलं. "आगं, पोतं फाटंल," एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली. हसत होती ती. मला तिचा राग आला आणि मी आणखी जोरात पाय मारले.

नाना कंटाळले की विरघळले, मला सांगता येणार नाही. एका दुपारी पोरं गेल्यावरही मी पायरीवर बसलेली पाहून ते म्हणाले, "तुझा बाप आसाच हाय. येकदा बसला की उठत न्हाई." आणि त्यांनी ओंडका माझ्या पाठीला बांधला. मी बाळूची जुनी चड्डी आणि सदरा घालून आले होते, म्हणजे तयारीनेच आले होते. नानांनी ढकललं तेव्हा विहिरीचं थंडगार पाणी नाकातोंडात गेलं, कानात घुमलं. वाटलं, संपलं आता. मग ओंडक्याने मला वर आणलं. नाना वरून ओरडत होते, "हात मार! पोत्यावर मारत हुतीस तसा मार!" म्हणजे पोत्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यानंतर रोज भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी विहिरीत असायचे. नाना ओंडका तासत गेले. ढलप्या पाण्यावर तरंगायच्या आणि मी त्यांच्या मधून पोहायचे. एके दिवशी मी विहिरीला वेढे घालून पायरीशी आले तर नाना हातात सुंभ घेऊन बसलेले. "सुटलीस," ते म्हणाले. पाठीला हात लावला तर ओंडका नव्हता. निघतानाच त्यांनी तो काढून घेतला होता आणि मला पत्ता नव्हता. इतका आनंद मला पुढे पहिल्या पगाराचाही झाला नाही.

हात लावायच्या दिवशी सकाळी मी चड्डी-सदरा घालून निघाले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. तिने नाही म्हटलं नाही. शब्द दिला होता, तो तिने पाळला. पण म्हणाली, "चारचौघांत चड्डीवर जाणार? परकर नेस." मी वाद घातला असता, पण तिचा चेहरा बघून घातला नाही. परकर नेसले, वर पोलकं. आम्ही दोघींनीही पाण्यात परकराचं काय होतं याचा विचार केला नव्हता. नानांनाही ते सुचलं नाही, कारण त्यांनी आयुष्यात कधी परकर नेसलेलं पोर शिकवलं नव्हतं.

काठावर अख्खं गाव जमलेलं. माझी बातमी बाळूने वात्रटपणे सगळीकडे करून ठेवली होती. आधी चार मुलगे गेले, चौघांचेही हात लागले. माझी पाळी आली तेव्हा आबा होडीतून म्हणाले, "पोरी, बघ बरं का. हितं तळ न्हाई लागायचा." मी म्हटलं, "व्हय आबा," आणि उडी मारली. पाण्यावर आले तर परकर माझ्याभोवती उलट्या टोपलीसारखा फुगून बसला होता. काठावर हशा पिकला. मी हात मारले. थोडं अंतर गेले असेन तोच परकरातली हवा निघाली, कापड भिजलं आणि दोन्ही पायांना गच्च गुंडाळलं. पाय हलेनात. विहिरीत दमलं की कठडा धरता येतो, इथे धरायला काहीच नाही. मी खाली गेले, पाणी गिळलं, वर आले, परत गेले. हशा थांबला होता. वर आले तेव्हा समोर आबांचं वल्हं होतं. अगदी हाताशी. "धर पोरी, धर," आबा म्हणत होते.

वल्हं धरलं असतं तर कुणी मला नावं ठेवली नसती. उलट एवढी आली तरी खूप, असंच म्हणाले असते. पण त्या ओल्या वल्ह्याकडे बघताना मला कमळ दिसत होती, म्हशींमागे चालणारी. आणि तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. तोच, चार हाका झाल्यावरचा.

"सुमे! कासोटा! आगं, कासोटा घाल!"

लावणीला उतरताना आमच्याकडे बायका लुगड्याचा आणि पोरी परकराचा घोळ दोन्ही पायांमधून मागे घेऊन कमरेला घट्ट खोचतात, म्हणजे चिखलात पाय मोकळे राहतात. ते मी लहानपणापासून दर वर्षी केलं होतं. डोळे मिटूनही केलं असतं आणि डोळे मिटूनच केलं. श्वास भरून घेतला आणि पाण्याखाली गेले. घोळ हातात सापडेना. सापडला, पायांमधून ओढला, मागे खोचला. पाय सुटले. वर आले तेव्हा आबांनी वल्हं आणखी पुढे केलेलं, ते मी कोपराने बाजूला सारलं. उरलेलं पाणी कसं कापलं ते आठवत नाही. होडीच्या फळीचा खरबरीत डांबरी स्पर्श तेवढा आठवतो.

आबांनी वल्हं होडीत टाकलं. मग उभे राहून, काठावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हात लागला! वल्ह्याला न्हाई, होडीला लागला!"

मी मागे वळून पाहिलं. टाळ्या वाजत होत्या, नाना दोन्ही हात वर करून नाचत होते आणि त्या सगळ्यांच्या पुढे, कमरेइतक्या पाण्यात, आई उभी होती. लुगडं तरंगत होतं तिचं. ती कधी आत शिरली ते तिलाही कळलं नव्हतं. आबांनी मला होडीत घेऊन काठाला आणलं तेव्हा आईने आधी पाठीत एक धपाटा घातला, मग पदराने माझं डोकं खसाखसा पुसलं. पदराला चुलीच्या धुराचा वास होता. कमळ माझे कोरडे कपडे छातीशी धरून उभी होती. तिने ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "आज कोंबडाच निघाला गं." त्याच वर्षी माघात तिचं लग्न झालं. हे लिहिताना अजूनही मला त्याचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

मी हायस्कुलात गेले. होडीत मुलग्यांच्या मध्ये बसायचे, परकराचा कासोटा घालून, पावसाळा असो की हिवाळा. पुढे शिकले, तळेगावात नोकरी केली, ते सगळं दुसऱ्या ठिकाणी लिहीन किंवा लिहिणारही नाही. इथे एवढंच सांगायचं आहे की पुढच्या उन्हाळ्यात नाना पांगाऱ्याचा नवा ओंडका वाळवून घेऊन आले. माझी धाकटी बहीण सखू, तिच्यासाठी. त्यांनी तो ओसरीवर ठेवला आणि गेले. दुपारी मी सखूला हाक मारली तर आई बाहेर आली. तिने लुगड्याचा काष्टा चापूनचोपून घातलेला होता.

"आदी मी," ती म्हणाली.

दीर भावजयीला पोहायला शिकवणार कसा? म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ओंडका मी बांधला. पायरीवर उभी राहून ती मला म्हणाली, "ढकलू नगंस. माझी मी जाईन." बराच वेळ लागला, पण तिची तीच गेली. त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्याही, गाव झोपलेलं असताना आम्ही दोघी विहिरीत असायचो. सखू आमच्या आधी शिकून मोकळी झाली. आईचा ओंडका मात्र मी तासत गेले तरी पुरता कधी सुटला नाही. शेवटपर्यंत तिला मुठीएवढं लाकूड पाठीशी लागायचं. तेवढ्यावर ती विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायची आणि तिथे पोचली की माझ्याकडे बघून नाकातलं पाणी शिंकरायची.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी एका बाजाराच्या दिवशी मीही तिच्याबरोबर होडीत होते. टोपली घ्यायला मी हात पुढे केला तर तिने ती दिली नाही, स्वतःच्याच मांडीवर ठेवली. आबांनी होडी लोटली. वारा होता, होडी चांगलीच डुलत होती. मी सवयीने आईच्या हातांकडे बघत राहिले. होडी खोल पाण्यावर आली तेव्हा तिने टोपलीतून शनिवारची पुडी काढली, दोन्ही हातांनी सावकाश सोडली आणि चिक्कीचा चुरा खायला लागली.